कान वाजतात, असं आई म्हणाली होती

आईला ताप आला तेव्हा आमच्या गावात बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. पहिले दोन दिवस तिने काढा पिऊन ढकलले. मग हुडहुडी भरली, कमरेतून कळ निघाली आणि ती वलांडीखालीच वाकून बसली, तेव्हा शेजारच्या काकीने मला फोन केला. काकी म्हणजे माझ्या वडिलांची चुलत भावजय. ती आणि आई जोडीने बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायच्या. मी उमरोळीला दिलेली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत पॅकिंगला जाते. त्या दिवशी अर्धी पाळी टाकून मी गावात गेले आणि आईला रिक्षात घालून बोईसरच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं.

तिथले डॉक्टर आम्हाला परके नव्हते. किनाऱ्यावरच्या आमच्या गावात त्यांना न मानणारं घर नसेल. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात ते स्वतः गाडी काढून घरी आले होते आणि फी न घेता गेले होते. त्यामुळे त्यांनी ‘मूत्रपिंडाला संसर्ग झालाय, इंजेक्शनं द्यावी लागतील’ असं सांगितलं तेव्हा मी निर्धास्त झाले. कोणती इंजेक्शनं, कशाची, हे विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

चार-पाच दिवसांत ताप उतरला. आई उठून बसायला लागली. एका सकाळी चहा पिताना म्हणाली, “कानात कायतरी वाजतं गो. रातकिडे ओरडतात तसं.”

मी नर्सला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टर राउंडला येतील तेव्हा सांगा. डॉक्टर आले, तेव्हा आईने स्वतःच सांगितलं. “डॉक्टर, माजे कान वाजतात. उठलं की गरगरतं.”

“अशक्तपणा आहे, मावशी,” ते म्हणाले. “ताप मोठा होता. कोर्स पुरा करू, म्हणजे पुन्हा यायला नको.”

आईने दुसऱ्या दिवशीही सांगितलं. त्यांनी तेच उत्तर दिलं. आम्ही कोर्स पुरा केला आणि घरी आलो.

पुढे काय झालं ते एका दिवसात झालं नाही, म्हणून आम्हाला कळलंही नाही. मी फोन केला की आई “हॅलो, हॅलो” म्हणायची आणि ठेवून द्यायची. म्हणाली, फोन बिघडलाय. मी तो बोईसरला दुरुस्तीला दिला. दुकानदाराने उघडून पाहिला आणि परत दिला. “इसमें कुछ खराबी नहीं है, दीदी.” तरी मला कळलं नाही. मग एकदा काकी आईच्या दाराची कडी वाजवून वाजवून थकली, मागच्या बाजूने आत गेली, तर आई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. काकीने खांद्याला हात लावला तेव्हा दचकून किंचाळली.

पालघरच्या सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टर होत्या, वयाने माझ्याहूनही लहान. त्यांनी आईचे कान तपासले, यंत्र लावलं, मग मला बाजूला घेऊन विचारलं, “मागे कुठली इंजेक्शनं दिली होती का?” औषधाच्या दुकानाची बिलं माझ्या पिशवीत होतीच. त्यांनी ती एकेक करून पाहिली आणि एका नावावर बोट ठेवलं.

“हे औषध खोटं नाही,” त्या म्हणाल्या. “अडचणीच्या वेळी जीव वाचवतं. पण कानाच्या आतला भाग मारू शकतं. मूत्रपिंड आधीच दुखावलेलं असेल तर धोका जास्त. म्हणून मधूनमधून रक्त तपासायचं असतं, आणि कान वाजायला लागले की विचार करून थांबवायचं असतं. रक्त कितीदा तपासलं?”

“दाखल केलं तेव्हा. त्यानंतर नाही.”

“कान वाजतात, असं सांगितलं होतं?”

“आईनेच सांगितलं होतं.”

त्यांनी मान हलवली. मी विचारलं, “परत येईल का?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “जे गेलं ते गेलं. मशीनचाही फारसा उपयोग होणार नाही.”

आई बाकावर बसून आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होती. ती सातवीपर्यंत शिकलेली. मी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्यापुढे धरलं. तिने ते सावकाश वाचलं, फोन मला परत दिला, आणि सगळा दवाखाना वळून बघेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “मग आता लिलावाचं काय?”

आमच्याकडे पहाटे होड्या लागल्या की किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. बायका चारी बाजूंनी बोली लावतात. कोण मागून ओरडलं, कोणी बोली वाढवली, हे कानांवरच चालतं. आई तीस-एक वर्षं त्यात उभी राहिली होती. ती त्यानंतरही काही दिवस गेली. एकदा दुसरीची बोली आपली समजून तिने पाटी उचलली, भांडण झालं, आणि तिने जाणं सोडलं. मग काकी दोघींची मासळी घ्यायची आणि आई नुसती विकायला बसायची.

मी डॉक्टरांकडे गेले. भांडायला नव्हते गेले. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, “तुझी आई जिवंत आहे ती त्या इंजेक्शनांमुळे.”

तेही खरंच होतं. मी चहा तसाच ठेवून उठले.

केस करायची हे मी ठरवलं नाही, आईने ठरवलं. मी तर म्हणत होते, जाऊ दे. डॉक्टरांचं नाव घेतलं की गावात लोक हात जोडतात, आणि आपण कोण? आईने माझं तोंड वाचून घेतलं. तोवर तिला ओठांवरून ओळखणं थोडं थोडं जमायला लागलं होतं. ती म्हणाली, “डॉक्टर वाईट नाय. तुज्या बापासाठी आला, ते मी विसरले नाय. पन मी दोनदा सांगितलं ना? दोनदा सांगून त्याने ऐकलं नाय. हे कुनीतरी त्याला सांगितलं पायजे.”

पालघरमध्ये एक वकीलबाई भेटल्या. पन्नाशीच्या, केस विस्कटलेले, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी पहिल्याच दिवशी मला स्पष्ट सांगितलं. औषध बनवणाऱ्या कंपनीवर दावा टिकणार नाही, कारण धोका त्यांनी माहितीपत्रकात छापला होता. तो बारीक इंग्रजीत आहे आणि तुम्हाला कोणी दाखवला नाही, हे वेगळं. दावा नर्सिंग होमवर होऊ शकतो. धोका सांगितला नाही, रक्त पुन्हा तपासलं नाही, तक्रार केल्यावर थांबवलं नाही. “आणि दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते,” त्या म्हणाल्या. “लोक रडण्यात तेवढा वेळ घालवतात आणि मग माझ्याकडे येतात.”

आम्हीही जवळजवळ तेच केलं होतं. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

मला त्या माहितीपत्रकाचं राहून राहून वाटायचं. माझं कामच ते. पट्ट्यावरून खोकी येतात, एकेका खोक्यात घडी घातलेला कागद सारायचा, झाकण लावायचं. आमच्या कंपनीत आईचं ते औषध बनत नाही, पण कागद तसलाच असतो. शेजारी बसणाऱ्या बिहारच्या मुलीला मी एकदा विचारलं, यात काय लिहिलेलं असतं माहीत आहे का? ती हसून म्हणाली, “पढ़ने लगेंगे तो लाइन रुक जाएगी.” खरं होतं. मी पुढचं खोकं घेतलं.

गावात बातमी पसरली. आमच्याशी कोणी भांडलं नाही, पण बोलणं कमी झालं. देवळात एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, “देवमाणसावर केस केलीत तुमी. उद्या अर्ध्या रात्री कोन येईल आमच्यासाठी?” ती भीती खोटी नव्हती. आईला यातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, बरं आहे.

वकीलबाईंनी सांगितलं की केस चालेल तेव्हा चालेल, आधी अपंगत्वाचा दाखला काढा. तो हक्क केसवर अवलंबून नाही. मग पालघरच्या फेऱ्या सुरू झाल्या. कानाची साधी तपासणी तिथे झाली. पण त्या तपासणीत माणूस ‘ऐकू येतं’, ‘येत नाही’ असं स्वतः सांगतो, म्हणून मेंदूच्या लहरी पाहणाऱ्या दुसऱ्या तपासणीसाठी मुंबईला पाठवलं. तिथे तारीख मिळायला वेळ गेला. आईच्या कपाळाला तारा चिकटवल्या आणि तिला निजायला सांगितलं. ती खरंच झोपली, घोरायला लागली. तपासणारी मुलगी म्हणाली, “अशी शांत झोपणारी पेशंट पहिलीच.” मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. मलाही झोप आली होती.

दाखल्यावर टक्के लिहिलेले असतात. आईचे बरेच जास्त आले. तिने तो दाखला उलटसुलट पाहिला. “शाळेत एवढे टक्के मना कवा पडले नाय,” म्हणाली. आम्ही दोघी पालघरच्या रस्त्यावर उभ्या राहून खूप हसलो. कितीतरी दिवसांनी हसलो. दाखल्यावर तिला निराधार योजनेतली छोटीशी पेन्शन सुरू झाली आणि प्रवासात सवलत. पेन्शनसाठी पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा तलाठी, पुन्हा तहसील. प्रत्येक खिडकीवरचा माणूस आधी आईशी बोलायचा, ती उत्तर द्यायची नाही, मग तो आवाज चढवायचा. मी रोज तेच वाक्य म्हणायचे. “तिला ऐकू येत नाही, मला सांगा.”

आमची केस ठाण्याला ग्राहक आयोगापुढे लागायची. तारीख असली की मी रजा टाकायचे. आम्ही कंत्राटी, रजा म्हणजे हजेरी गेली. तिथे पोचायचं, बाकावर बसायचं, आणि दुपारी कळायचं की समोरचे वकील आजारी आहेत, किंवा सदस्य रजेवर आहेत, किंवा नर्सिंग होमने उत्तर द्यायला मुदत मागितली आहे. पुढली तारीख. आई प्रत्येक वेळी यायची. मी म्हणायचे, तुझी गरज नाही, वकीलबाई आहेत. ती म्हणायची, “केस माजी हाय ना?” एका तारखेला मी तिला लिहून दाखवलं की आजही काही झालं नाही. तिने डबा उघडला, सुकटीची चटणी आणि भाकरी काढली, अर्धी मला दिली आणि म्हणाली, “जेव. तू वाळलीस.” खरं सांगायचं तर त्या काळात माझा राग डॉक्टरांवर उरलाच नव्हता. तो आईवर निघायचा. ती एकच गोष्ट तीनदा विचारायची आणि मी चौथ्यांदा तोंड फिरवून घ्यायचे. तिला ते दिसायचं.

मग एका तारखेला समोरच्या वकिलांनी एक व्हिडिओ दाखल केला. कोणीतरी बोईसरच्या बाजारात मोबाइलवर काढलेला. त्यात आई पाटीपुढे बसली आहे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करते आहे, बोटं दाखवते आहे, हसते आहे, मध्येच उठून बर्फ आणायला जाते आहे. वकील म्हणाले, “ही बाई व्यवस्थित संभाषण करते, व्यवसाय करते. हिला ऐकू येत नाही हे कसं मानायचं?”

मला ठाऊक होतं की मासळीचा भाव बोटांवर होतो, गिऱ्हाइकं वर्षानुवर्षांची आहेत, आणि ‘कमी करा’ हे वाक्य कोणाच्याही तोंडावर वाचता येतं. पण ते तिथे उठून सांगायचं कसं?

वकीलबाई उठल्या. “यात आवाज नाही का?” त्यांनी विचारलं. “आवाज बंद ठेवून आणि मध्येच थांबवून का दाखवताय?”

आयोगाच्या अध्यक्षांनी आवाज वाढवून शेवटपर्यंत दाखवायला सांगितलं. व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. बाजाराचा गलका, कोणाचं तरी हिंदी, काकीची हाक. आई बर्फाकडे जायला उठली आणि तेवढ्यात मागून टेंपोचा हॉर्न वाजायला लागला. आधी एकदा, मग दोनदा, मग दाबूनच धरला. आजूबाजूची माणसं बाजूला झाली. आई रस्त्याच्या मधोमध, आपल्याच तंद्रीत, सावकाश चालत राहिली. टेंपो तिच्या पाठीशी येऊन थांबला. हॉर्न तसाच कर्कश वाजत होता. मग काकी धावत आली आणि तिने आईला दंडाला धरून खेचलं. व्हिडिओ तिथेच संपला.

हा प्रसंग मला माहीतच नव्हता. आईने सांगितला नव्हता, काकीनेही नाही.

आईने पडद्यावर स्वतःला पाहिलं होतं. ती पुढे झुकली आणि मला विचारलं, तिच्या त्या नव्या, मोठ्या, सपाट आवाजात, “माजा आवाज कसा येतो त्यात?”

सगळे आमच्याकडे पाहत होते. मी तिच्याकडे तोंड करून म्हणाले, “चांगला येतो, आये.”

“मोठा येतो का?”

“थोडा मोठा येतो.”

“मनाच कळत नाय,” ती अध्यक्षांकडे वळून म्हणाली, जणू माफी मागत होती. “मी बोलते ते मना लागत नाय कुटं.”

अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं आणि तारीख दिली.

त्यानंतर काही महिन्यांनी निकाल लागला. तक्रार अंशतः मंजूर. धोका न सांगणं आणि कान वाजतात असं सांगितल्यावरही तपासणी न करणं ही सेवेतली त्रुटी मानली. भरपाई आम्ही मागितली होती त्याहून पुष्कळ कमी. वकीलबाईंना आनंद झाला, मला नुसता थकवा आला. आणि तो अजून उतरला नव्हता तेवढ्यात नर्सिंग होमने राज्य आयोगाकडे अपील केलं.

अपिलात पुन्हा तारखा. मग तिथून सुचवलं गेलं की दोन्ही बाजूंनी मध्यस्थाकडे बसून पाहावं. वकीलबाई म्हणाल्या, “मावशींचं वय पाहता तडजोड वाईट नाही. मात्र कागदावर ते चूक कबूल करणार नाहीत. तशी पद्धतच असते.”

मी आईला लिहून दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. “कागदावर नको,” म्हणाली. “पन त्याने स्वतः यायचं. वकील नाय पाठवायचा.”

डॉक्टर आले. इतक्या वर्षांत मी त्यांना जवळून पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते. एका लहान खोलीत टेबलाच्या एका बाजूला ते आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही. मध्यस्थ बाई म्हणाल्या की इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. डॉक्टर टेबलाकडे बघत बोलायला लागले. मला ऐकू येत होतं, पण आई अस्वस्थ झाली.

“तोंड वर करून बोला, डॉक्टर,” ती म्हणाली. “मना दिसत नाय.”

त्यांनी मान वर केली. आईकडे पाहिलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “मावशी, तुम्ही कान वाजतात म्हणालात, तेव्हा मी थांबायला हवं होतं. त्या दिवसांत पेशंट फार होते. पण थांबायला हवं होतं.”

मी दुभाष्यासारखी पुढे सरकले, पण आईने माझा हात बाजूला केला. तिला कळलं होतं. ती त्यांच्या ओठांकडे पाहत राहिली, जणू अजून काही येतं का ते बघत होती. मग म्हणाली, “बरं.” एवढंच. तिने सही केली, मी साक्षीदार म्हणून केली. बाहेर आल्यावर मी विचारलं, “आये, समाधान झालं?” ती म्हणाली, “भूक लागली.”

मला वाटलं होतं, ते झालं की काहीतरी हलकं वाटेल. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीला गेले. पट्टा चालू झाला. खोकी आली.

भरपाईतून आईने घराचं छप्पर नीट करून घेतलं आणि काकीला एक बर्फाची मोठी पेटी घेऊन दिली. डॉक्टरांचं नर्सिंग होम चालू आहे. गावातली माणसं तिथेच जातात. मागे माझ्या नवऱ्याला ताप आला, तेव्हा आम्ही दुसरीकडे गेलो, पण ते फक्त लाजेपोटी. आता तिथे दाखल होणाऱ्यांना इंजेक्शन देण्याआधी सांगतात म्हणे, कान वाजले तर लगेच सांगा. काकीच्या सुनेने सांगितलं. मी ते आईला सांगितलं तेव्हा ती बोंबलांची डोकी काढत होती. “मग बरं हाय,” म्हणाली आणि काम करत राहिली.

आणि मग या वर्षी पेन्शन थांबली. मी चौकशी केली, तर कळलं की आईचा दाखला कायमचा नव्हता. काही वर्षांचाच होता, त्याची मुदत संपली. पुन्हा तपासणी करावी लागेल. मी खिडकीवरच्या मुलाला म्हणाले, “अहो, गेलेले कान परत येत नाहीत. डॉक्टरांनीच सांगितलंय.” तो मुलगा चांगला होता. म्हणाला, “ताई, मला माहीत आहे. पण नव्याने काढताना कायमस्वरूपी द्या असं लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे. तेव्हाच मागायला हवा होता.”

तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

म्हणून परवा आम्ही पुन्हा पालघरला गेलो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, केसांत अबोली माळली. रांग जिन्यापर्यंत होती. कुबड्या घेतलेला एक तरुण, एका हाताला बँडेज बांधलेला कारखान्यातला कामगार, मांडीवर मुलगी घेतलेली एक बाई. त्या कामगाराने मला विचारलं, ठेकेदार म्हणतो तुझं कामगार विम्याचं कार्डच नव्हतं, मग आता मिळेल का काही? मी त्याला वकीलबाईंचा पत्ता दिला आणि सांगितलं, कार्ड काढणं हे मालकाचं काम, त्यावरून तुझा हक्क बुडत नाही, पण उशीर करू नकोस. एवढं बोलूनही मला दम लागल्यासारखं झालं.

नंबर यायला वेळ होता. आई भिंतीला टेकली आणि तिने डोळे मिटले. तिने डोळे मिटले की तिच्याशी काही बोलता येत नाही. मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली आणि नुसती बसून राहिले.